संतशिरोमणी श्री नामदेव महाराज : पंढरीची वाणी आणि पंजाबचा ग्रंथ

श्रीक्षेत्र पंढरपूर येथे श्री विठ्ठल मंदिराच्या महाद्वारातून आत जाताना प्रत्येक वारकरी पहिल्या पायरीपाशी क्षणभर थबकतो. त्या पायरीवर तो पाय ठेवीत नाही, मस्तक ठेवतो. तीच श्री नामदेव महाराजांची पायरी होय. संतसज्जनांच्या चरणांची धूळ सदैव आपल्या मस्तकी पडावी, या इच्छेने महाराजांनी येथे समाधी घेतली, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे.

या पायरीपासून शेकडो कोस दूर, पंजाबातील प्रत्येक गुरुद्वारात श्री गुरू ग्रंथसाहिबापुढे भाविक माथा टेकतात. त्या ग्रंथात नामदेवांच्या नावाने ६१ पदे आहेत. ही पदे पंढरीच्या नामदेवांचीच की त्या नावाच्या दुसऱ्या कोणा संताची, आणि ती कोणत्या काळात रचली गेली, हा प्रश्न विसाव्या शतकात अभ्यासकांपुढे उभा राहिला. त्याचे उत्तर महाराजांच्या चरित्रातच दडलेले आहे. म्हणून येथे हे चरित्र त्या प्रश्नासह भाविकांच्या सेवेसी सादर केले आहे.

जन्म आणि कुळ

परंपरेने महाराजांचा जन्म शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशी, म्हणजे इ. स. १२७० मध्ये झाला असे मानले जाते. पित्याचे नाव दामाशेटी, मातेचे गोणाई. कुळ शिंप्याचे, व्यवसाय कापड शिवण्याचा. जन्मस्थान म्हणून हिंगोली जिल्ह्यातील नरसी या गावाचा मान आहे. काहींच्या मते जन्म पंढरपुरासच झाला. बालपण मात्र पंढरीत, विठ्ठलाच्या सहवासात गेले, याविषयी सर्वांचे एकमत आहे.

तो देवगिरीच्या यादवांचा काळ होता. पंढरपूरच्या मंदिरातील प्रसिद्ध चौऱ्याऐंशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९ या वर्षांत कोरला गेला. मंदिरासाठी ज्यांनी दान दिले त्यांची नोंद त्यात असून राजा रामदेवराव आणि त्याचा मंत्री हेमाद्री पंडित यांची नावेही त्यात आढळतात. हा लेख कोरला जात होता तेव्हा नामदेव तीन ते सात वर्षांचे बालक होते. मंदिराला मिळालेली दाने दगडावर अक्षररूपाने राहिली. या बालकाने पुढे दिलेले दान मात्र प्रारंभी केवळ लोकांच्या मुखी राहिले.

बाल नामदेवांची कथा घरोघरी ठाऊक आहे. वडील परगावी गेल्याने आईने नैवेद्याचे ताट मुलाच्या हाती दिले. देव खरोखरच जेवतो अशी त्या बालकाची समजूत होती. देव जेवेना, तेव्हा त्याने हट्ट धरला, आणि त्या निरागस भावापुढे विठ्ठलाला नैवेद्य ग्रहण करावा लागला. पुढे राजाईशी विवाह झाला. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार पुत्र व लिंबाई ही कन्या, असा परिवार लाभला. दासी म्हणून घरी वाढलेली जनाबाई स्वतः थोर संत झाली. प्रपंच ओढगस्तीचा होता. नामदेवांचे चित्त मात्र दुकानापेक्षा राऊळात अधिक रमे.

कच्चे मडके आणि गुरुकृपा

संत ज्ञानेश्वर व त्यांच्या भावंडांच्या भेटीने नामदेवांच्या जीवनाला नवे वळण मिळाले. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी आपल्या थापटण्याने सर्व संतांची परीक्षा घेतली. इतरांनी ती शांतपणे सोसली. नामदेव मात्र कळवळले, आणि हे मडके कच्चे आहे असा निर्णय झाला. देव आपल्याशी बोलतो हा अभिमान होता. पण गुरूवाचून ज्ञान पक्व झाले नव्हते.

म्हणून ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर यांच्याकडे गेले. वृद्ध विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले पाहून नामदेव क्षुब्ध झाले. देव नसेल तेथे आपले पाय उचलून ठेव, असे गुरूंनी सुचविले. परंतु जेथे पाय ठेवावेत तेथे देवच दिसू लागला. पंढरीच्या मूर्तीत पाहिलेला विठ्ठल चराचरात भरलेला आहे, हे ज्ञान नामदेवांना त्या दिवशी झाले. त्यांच्या पुढील सर्व वाणीचे बीज या प्रसंगात आहे.

औंढ्याशीच दुसरी एक कथा निगडित आहे. कीर्तनास उभ्या राहिलेल्या नामदेवांना जातीच्या कारणावरून मंदिरासमोरून हटविण्यात आले. ते मंदिरामागे जाऊन भजन करू लागले, तेव्हा मंदिरच फिरले आणि देवाने आपले मुख भक्ताकडे केले. औंढा येथे नंदी मंदिराच्या मागील बाजूस आहे, तो या प्रसंगाची खूण म्हणून भाविक आवर्जून पाहतात.

ज्ञानदेवांची संगत आणि वियोग

ज्ञानेश्वरांसमवेत नामदेवांनी तीर्थयात्रा केली. या यात्रेचे वर्णन तीर्थावळीच्या अभंगांत येते. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. त्या सोहळ्याचे अभंग नामदेवांच्या नावाने गायिले जातात. त्या वेळी नामदेव सव्वीस वर्षांचे होते, आणि पुढे चौपन्न वर्षांचे आयुष्य त्यांना ज्ञानदेवांवाचून काढावयाचे होते.

त्याच सुमारास अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढील वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य लयास गेले. राजसत्ता कोसळत असताना नामदेवांनी टाळ आणि वीणा घेऊन उत्तरेची वाट धरली.

पंजाबातील वास्तव्य

उत्तर भारतातील अनेक तीर्थे करीत महाराज पंजाबात पोहोचले. परंपरेनुसार त्यांनी तेथे अठरा ते वीस वर्षे वास्तव्य केले. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी तप केले ते स्थान तपियाना साहिब म्हणून पूजिले जाते. बहोरदास, लद्धा, जल्ला आणि केशो ही त्यांच्या तेथील शिष्यांची नावे परंपरेने जपली आहेत. घुमान येथे माघ महिन्यात मोठी यात्रा भरते.

पंजाबात ते बाबा नामदेव किंवा भगत नामदेव झाले. तेथील कापड छापणारे, रंगविणारे व शिवणारे छिंबा समाजाचे लोक त्यांना आपले आद्य पुरुष मानतात, जसे महाराष्ट्रात शिंपी समाजाचे लोक मानतात. पंजाबी शिष्यांपुढे मराठी अभंग गाऊन भागण्यासारखे नव्हते. म्हणून महाराजांनी त्या काळी उत्तरेत साधुसंतांच्या मुखी असलेल्या मिश्र हिंदी भाषेत पदरचना केली.

ग्रंथसाहिबातील पदे

शिखांचे पाचवे गुरू श्री अर्जनदेव यांनी इ. स. १६०४ मध्ये अमृतसर येथे आदिग्रंथाची सिद्धता केली. लेखनाचे कार्य भाई गुरदास यांनी पार पाडले. गुरूंच्या वाणीसोबत या ग्रंथात पंधरा भगतांची वाणी आदराने समाविष्ट आहे. पदांच्या संख्येत कबीरांनंतर नामदेवांचा क्रम लागतो. त्यांची ६१ पदे अठरा रागांत विभागलेली आहेत. इ. स. १७०८ मध्ये दहावे गुरू श्री गोविंदसिंह यांनी महाराष्ट्रातील नांदेड येथे या ग्रंथालाच गुरुपद दिले. नामदेवांचे जन्मस्थान मानले गेलेले नरसी नांदेडपासून फार दूर नाही. अशा रीतीने मराठवाड्यातून निघालेली वाणी गुरुरूप होऊन पुन्हा मराठवाड्यातच स्थिरावली.

कर्ता कोण, हा प्रश्न का उद्भवला?

नामदेवांच्या हातचे एकही अक्षर आज उपलब्ध नाही. मराठी गाथेतील दोन हजारांहून अधिक अभंग कीर्तनकारांच्या मुखाने पिढ्यान्पिढ्या चालत आले. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे दुसरे थोर कवी होऊन गेले. त्यांनीही नामा ही मुद्रा वापरल्यामुळे दोघांच्या रचना गाथेत मिसळल्या. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी इ. स. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नामदेवांची भाषा ज्ञानेश्वरीच्या मानाने अर्वाचीन असल्याकडे लक्ष वेधले आणि त्यांचा काळ पुढे आणावा असे मत मांडले. पंजाबातील नामदेव वेगळेच असावेत, असेही काहींना वाटू लागले.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हता. पंजाबातील पदे दुसऱ्या कोणाची ठरली असती, तर देवळासमोरून हटविल्या गेलेल्या शिंप्याचा जो आवाज ग्रंथसाहिबात ऐकू येतो त्याचा पंढरीच्या पायरीशी असलेला संबंधच तुटला असता. दोन प्रांतांतील लक्षावधी भाविकांच्या बंधुत्वाचा आधार डळमळला असता. म्हणून पुरावे एकेक करून तपासणे आवश्यक होते.

पदांच्या अंतरंगातील साक्ष

पहिली साक्ष देवाच्या नावाची. ग्रंथसाहिबातील या पदांत राम, गोविंद, केशव या नावांसोबत बीठल हे नाव वारंवार येते. विठ्ठल हे पंजाबचे दैवत नव्हे. हे नाव तेथे कोणीतरी पंढरीहूनच नेले असले पाहिजे.

दुसरी साक्ष व्यवसायाची. कवी स्वतःला छीपा म्हणवितो. छीपा म्हणजे कापड छापणारा आणि शिंपी म्हणजे शिवणारा, हा भेद काहींनी दाखविला. परंतु पंजाबातील छिंबा समाजात दोन्ही व्यवसाय चालत आले आहेत, आणि आसा रागातील एका पदात गज, कात्री व सुई-दोरा यांचीच रूपके योजिलेली आहेत. ही हत्यारे दामाशेटींच्या दुकानातील होत.

तिसरी साक्ष प्रसंगांची. देवाने भक्ताच्या हातचे दूध प्राशन केल्याचा प्रसंग भैरव रागातील पदात आहे; महाराष्ट्रातील नैवेद्याच्या कथेचेच ते रूप होय. देवळातून हीन जातीचा म्हणून हटविले गेल्याचे आणि देऊळ भक्ताकडे फिरल्याचे वर्णन भैरव व मल्हार या दोन्ही रागांतील पदांत येते. त्यात औंढ्याचे नाव नाही. पण कथा तीच, आणि तिच्यातील वेदनाही तीच आहे.

चौथी साक्ष भाषेची. आणिले, भरविले, भेटले अशा मराठी क्रियापदांशी जुळणारी ल-प्रत्ययाची भूतकाळी रूपे या पदांत ठिकठिकाणी दिसतात. अशी रूपे पूर्वेकडील बोलींतही आढळतात, म्हणून केवळ यावर निर्णय करणे योग्य नव्हे. परंतु विठ्ठलाचे नाव, शिंप्याची हत्यारे आणि औंढ्याची कथा यांच्या जोडीला ही रूपे येतात, तेव्हा कर्ता मराठी मुलखातील होता, हे मानण्यास बळकट आधार मिळतो.

काळाचा निर्णय

पदांच्या काळाचा निर्णय मागे मागे जात करावा लागतो. इ. स. १६०४ ही आदिग्रंथाची निश्चित तिथी. त्याआधी इ. स. १५७० ते १५७२ च्या सुमारास, तिसरे गुरू श्री अमरदास यांच्या काळात, गोइंदवाल येथे ज्या पोथ्या लिहिल्या गेल्या त्यांतही नामदेवांची पदे आहेत. गुरू अमरदासांनी आपल्या वाणीत नामा छिंबा आणि कबीर विणकर यांचा एकत्र उल्लेख केला आहे. राजस्थानात अनंतदास यांनी इ. स. १५८८ मध्ये नामदेवांचे पद्यचरित्र रचले, आणि दादूपंथीयांनी आपल्या पंचवाणीत नामदेवांना मानाचे स्थान दिले.

त्याहून मागे गेले असता कबीर आणि रविदास यांची साक्ष मिळते. दोघेही नामदेवांचे नाव पूर्वी होऊन गेलेल्या सिद्ध भक्तांच्या मालिकेत घेतात. नामदेव व त्रिलोचन यांच्यातील संवाद कबीरांच्या श्लोकांत आला आहे. संसाराच्या कामात का गुंतलास, असे त्रिलोचन विचारतात. हात कामात आणि चित्त देवात असावे, असा नामदेवांच्या उत्तराचा आशय आहे. यावरून कबीरांच्या काळी नामदेव ही उत्तरेत सर्वश्रुत व पूर्वकालीन व्यक्ती होती हे सिद्ध होते. म्हणजेच सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा हे या पदांचे कर्ते असू शकत नाहीत.

एका पदाने मात्र अभ्यासकांना थांबविले होते. तिलंग रागातील त्या पदात फारसी शब्दांची रेलचेल आहे, आणि द्वारकेच्या संदर्भात मगोल हा शब्द आला आहे. बाबराने इ. स. १५२६ मध्ये दिल्ली जिंकली. मग चौदाव्या शतकातील कवीच्या तोंडी मोगल कसे, अशी शंका येणे स्वाभाविक होते. तिचे निरसन इतिहासानेच होते. मध्य आशियातील मंगोलांना दिल्लीचे लेखक तेराव्या-चौदाव्या शतकातही याच नावाने ओळखत. अल्लाउद्दीन खिलजीच्या राजवटीत त्यांच्या टोळ्यांनी पंजाब आणि दिल्लीवर वारंवार आक्रमण केले होते. तेव्हा जो शब्द प्रथमदर्शनी पद अर्वाचीन ठरवितो असे वाटले, तो नामदेवांच्या काळाशी विसंगत नाही.

सुलतानाने मेलेली गाय जिवंत करण्याची आज्ञा केल्याचे दीर्घ पदही प्रसिद्ध आहे. हा सुलतान म्हणजे इ. स. १३२५ ते १३५१ या काळात राज्य करणारा महंमद तुघलक, असे अनेक जण मानतात. परंतु पदात सुलतानाचे नाव नाही, आणि कथन बरेचसे नामदेवांविषयी इतर कोणी सांगावे तसे आहे. म्हणून हे पद एखाद्या शिष्याच्या मुखातून आले असावे, असे सावध अभ्यासकांचे मत आहे. त्यावरून काळनिर्णय करू नये, हे उचित होय.

भाषेच्या अर्वाचीनतेविषयी डॉ. भांडारकरांनी घेतलेल्या आक्षेपाला गुरुदेव रा. द. रानडे यांच्यासारख्या विचारवंतांनी उत्तर दिले. ज्ञानेश्वरी ग्रंथरूपाने जपली गेली. नामदेवांची वाणी गाऊन जपली गेली. गाणाऱ्याच्या जिभेवर शब्द पिढीगणिक थोडे बदलतात, भाव बदलत नाही. पुणे विद्यापीठाने इ. स. १९६४ मध्ये भगीरथ मिश्र व राजनारायण मौर्य यांनी संपादिलेली नामदेवांची हिंदी पदावली प्रकाशित केली. इ. स. १९८९ मध्ये विनांद कॅलेवार्ट आणि मुकुंद लाठ यांनी जुन्या हस्तलिखितांच्या आधारे या पदांचा पुन्हा अभ्यास केला. वेगवेगळ्या प्रांतांतील पाठ शेजारी ठेवले असता शब्दांचा फरक दिसतो.

या सर्वांचा निष्कर्ष विनम्रपणे असा सांगता येतो : ग्रंथसाहिबातील या वाणीचा उगम पंढरीच्या नामदेवांपाशी आहे, तिची रचना चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली असे मानण्यास परंपरेचा व अंतर्गत पुराव्याचा आधार आहे, आणि सुमारे १५७० पर्यंत ती लेखनात स्थिर झाली. मधली दोनशेहून अधिक वर्षे ती ज्यांनी गाऊन जिवंत ठेवली त्यांत मराठी न जाणणारे, विठ्ठलाचे दर्शन कधीही न घडलेले असंख्य पंजाबी भक्त होते. त्यांच्या मुखात काही शब्द पालटले असतील, एखादे पद नव्याने जोडले गेले असेल. परंतु बीठल हे नाव त्यांनी गाळले नाही.

अखेरचा काळ

इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढे येथे गावकुसाची भिंत कोसळून संत चोखामेळा निवर्तले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. स्वतः देवळासमोरून हटविले गेलेल्या या संताने, ज्याला मंदिरात प्रवेशच नव्हता अशा आपल्या सोबत्याला देवाच्या दारी कायमचे स्थान मिळवून दिले.

शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशीस, म्हणजे इ. स. १३५० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी महाराजांनी महाद्वारी समाधी घेतली. परिवारातील मंडळीही त्यांच्यासोबत समाधिस्थ झाली, असे मानले जाते. पंजाबातील भाविक घुमान हेच त्यांचे अखेरचे स्थान मानतात. दोन्ही स्थळी श्रद्धेने फुले वाहिली जातात, आणि दोन्ही स्थळांचा मान सारखाच आहे.

महाराजांच्या जन्माला सातशे वर्षे झाली त्या निमित्ताने, इ. स. १९७० मध्ये महाराष्ट्र शासनाने नामदेव गाथा प्रकाशित केली. एप्रिल २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमान येथे भरले, तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या हजारो मराठी जनांचे पंजाबी ग्रामस्थांनी आपल्या बाबाच्या गावचे पाहुणे म्हणून स्वागत केले.

भाविकांनी पंढरीस आल्यावर प्रथम नामदेव पायरीचे आणि समोरील चोखोबांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, मगच राऊळात प्रवेश करावा. मराठवाड्याच्या यात्रेत नरसी, औंढा नागनाथ आणि नांदेडचे सचखंड श्री हुजूर साहिब ही तिन्ही स्थाने एकाच प्रवासात साधता येतात. नांदेड येथे ग्रंथसाहिबापुढे मस्तक नमविताना त्या पवित्र पानांत आपल्या नामयाचीही वाणी आहे, याचे स्मरण ठेवावे.

॥ श्री नामदेव महाराज चरणारविंदार्पणमस्तु ॥